मामांनी गाडीला ऊस चारला

सासऱ्यांना मी मामा म्हणते. आमच्या घरात शहाणं कोण, असं कुणी विचारलं की मी त्यांच्याकडे बोट दाखवते आणि नवरा तोंड वाकडं करतो. पण मला जे काही मिळालंय त्याची सुरुवात त्यांच्यापासून होते, त्याला मी तरी काय करू?

माझं माहेर नगरचं. वडिलांचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे इंजिन उघडता येत होतं, पण चालवायला मात्र कुणी कधी काही दिलं नव्हतं. लग्न होऊन कोपरगाव तालुक्यातल्या या वस्तीवर आले, तर पहिल्याच उन्हाळ्यात मामांनी मला मोकळ्या रानात ट्रॅक्टरवर बसवलं आणि स्वतः बांधावर जाऊन उभे राहिले. सासूबाई ओट्यावरून ओरडत होत्या, तिला सांगा, माझ्या मेथीच्या वाफ्याकडं येऊ नको. मी वाफ्यातूनच गेले. त्या दिवशी त्या माझ्यावर नाही, मामांवर रागावल्या आणि मामा हसत राहिले. आज कोपरगावात माझं स्वतःचं दुकान आहे. लोक ट्रॅक्टरचे पंप घेऊन येतात आणि बाई आहे म्हणून परत जात नाहीत. मला हे सगळं त्या रानातून मिळालं.

सासूबाई गेल्या आणि मामा बोलायचे थांबले. म्हणजे पाऊसपाणी, दुधाची फॅट, उसाची तोड, एवढं बोलायचे. सासूबाईंचा विषय मात्र निघाला की उठून जायचे. नवऱ्याला वाटायचं, आईची आठवण बापाबरोबर काढावी. पण बाप दार लावून घ्यायचा. एकच भाकरी, तीही अर्धी टाकलेली. मला भीती वाटायला लागली होती की हा माणूस असाच विझून जाणार.

त्या सुमाराला माझ्या डोक्यात गाडीचं खूळ शिरलं. पुण्यात एकाच्या पार्किंगमध्ये एक जुनी जर्मन गाडी धूळ खात होती. दोन सीटची, छप्पर घडी होणारी, सुपरचार्जरवाली. शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवण्याचे जे दिवस ठेवतात, तिथे मला जायचं होतं, कधीपासूनचं. गाडी टेम्पोतून उतरली तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. मामा खोलीतून बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हिला मागं सीट न्हाई. भाजी कुठं ठिवायची?"

कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बाज गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आली. मी दुकानातून आले की कामाला लागायची आणि मामा पाने हातात द्यायचे. गंजलेले ब्रेक बदलले, रबरी नळ्या बदलल्या, कुजलेलं वायरिंग उंदरांनी जेवढं ठेवलं होतं तेवढंही काढून टाकलं. सीटमागे भक्कम पाइपची कमान बसवली, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून. मग सुपरचार्जरकडे वळले. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो. आत दोन पिळाचे रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि इंजिनात हवा कोंबतात. दोघांमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढीही नसते. साखर कारखान्यातल्या ब्लोअरचा हा धाकटा भाऊ, म्हणून मामा त्याला ब्लोअरच म्हणायला लागले आणि मग आम्हीही. तो जास्त वेगाने फिरावा म्हणून मी लहान पुली बसवली, येणारी हवा गार व्हावी म्हणून पुढे मोठा कूलर लावला. मामा आता दुसरी भाकरी मागून घ्यायला लागले होते. गाडी दुरुस्त होवो न होवो, माझं काम झालं होतं.

दसरा आला. दरवर्षी घरातल्या यंत्रांची पूजा सासूबाई करायच्या. ट्रॅक्टर, मोटार, कडबाकुट्टी, माझी पान्यांची पेटी, काही सुटायचं नाही. या वर्षी आम्ही दोघं उठायच्या आत मामांनी स्वतःच ताट तयार केलं होतं. सगळीकडे हळदकुंकू, झेंडूची फुलं. मला इतकं बरं वाटलं की मी काही तपासलंच नाही. ब्लोअरचं तोंड उघडं होतं आणि मी त्यात फडकं कोंबून ठेवलं होतं. फडकं होतं तिथेच होतं. मी ते काढलं, हवेची नळी जोडली आणि इतक्या महिन्यांनी इंजिन चालू केलं.

आधी कर्र झालं, मग पट्टा किंचाळला आणि रबर जळाल्याचा धूर निघाला. मी चावी फिरवून बंद केलं. ब्लोअर उघडला. रोटरच्या मधोमध उसाचा तुकडा चिरडलेला, बरोबर कुंकू लागलेले तांदूळ. दोन्ही रोटरवर खोल ओरखडे.

"म्या टाकला," मामा लगेच म्हणाले. "कारखान्यात गव्हानीत उसाची मोळी टाकल्याबिगर गाळप सुरू करत्यात का? म्हनलं, हिच्या बी तोंडात पयला घास पडाया पायजे." मळकं फडकं पूजेला बरं दिसेना म्हणून त्यांनी ते बदलून धुतलेलं कोंबलं होतं.

मला राग आला, पण तो त्यांच्यावर नाही, न तपासणाऱ्या माझ्यावर. नवऱ्याला हसू आवरेना आणि त्याने दुसऱ्या सकाळी दूध संकलन केंद्रावर ही गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला माहीत झालं की मामांनी गाडीला ऊस चारला. येणारा-जाणारा विचारायचा, गाडी रवंथ करती का? नवऱ्याला मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मामांनी बाज उचलली आणि पुन्हा खोलीत नेऊन टाकली. पुन्हा एकच भाकरी, अर्धी टाकलेली.

नवरा म्हणाला, होईल चार दिवसांत ठीक. मला ते पटेना. रोटर गेले ते गेले, दुसरा ब्लोअर मिळाला असता. मामा दुसरे कुठून आणणार होते?

मुंबईच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून तसाच ब्लोअर मिळवला. त्याचे बेअरिंग गेले होते, पण रोटर चांगले होते. आमच्या ब्लोअरचे बेअरिंग चांगले होते. दोन्ही मी शेडमध्ये ठेवलेच नाहीत. मामांच्या खोलीबाहेर ओट्यावर गोणपाट अंथरलं, त्यांच्या दारासमोर सगळे भाग मांडले आणि दोन्हींचा मिळून एक ब्लोअर करत बसले. हाक मारली नाही, समजूत घातली नाही. आमच्या ब्लोअरच्या कोपऱ्यांत कुंकवाचा चिकटा बसला होता. तो धातूला न खरवडता काढायचा म्हणजे जिवावर येत होतं. बराच वेळ आतून काही हालचाल नव्हती. मग मामा बाहेर आले, हातात टोपल्याची बांबूची काडी चपटी तासलेली. माझ्याशेजारी बसले आणि कोपरे कोरायला लागले. मान वर न करता म्हणाले, "येकदा नीट बसव. म्या न्हाई हात लावनार परत पूजेचा."

मी म्हटलं, हात लावा, पण मला विचारून. ते "बरं" म्हणाले आणि मी डोळे पुसायला ग्रीसचा हात वापरला.

ट्रॅकचा दिवस थंडीत होता. नवऱ्याची उसाला पाणी द्यायची पाळी होती, म्हणून मी आणि मामा दोघंच निघालो. तिथल्या माणसांनी गाडी खालून-वरून तपासली, बॅटरी हलवून पाहिली, सीटचे पट्टे ओढून पाहिले आणि सोडली. मी किती वेगाने गेले ते सांगत बसत नाही. पहिल्या वळणाला फारच लवकर ब्रेक दाबला, दुपारपर्यंत ती भीती गेली. सरळ रस्त्यावर ब्लोअरचा आवाज चढत जायचा तेव्हा मी हेल्मेटमध्ये एकटीच हसत होते. शेवटी सोबत माणूस बसवून हळू फेऱ्या मारायला परवानगी होती. मामांनी नवऱ्याचे बूट घातले, टोपी घडी करून खिशात ठेवली आणि हेल्मेट चढवून बसले.

दोन फेऱ्या त्यांनी दार घट्ट धरून ठेवलं होतं. तिसरीला एका वळणावर गाडीचं मागचं अंग जरासं सरकलं आणि मी सावरलं. मामा मोठ्याने हसले. तसंच, त्या रानात हसले होते तसंच. म्हणाले, "तुजी सासू असती तर आता मला शिव्या दिल्या असत्या. तुला न्हाई, मला."

फेरी संपली, आम्ही बाहेर येऊन थांबलो तरी ते बोलतच होते. त्यांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत ती रुसली होती, ते. पहिल्या गायीच्या पायाला लागलं तेव्हा ती रात्रभर गोठ्यात बसली होती, ते. परतताना संगमनेरला चहाला थांबलो तिथेही तेच. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, नुसती गाडी चालवली आणि मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानत राहिले, त्या गाडीचेसुद्धा.

वस्तीवर पोचलो तेव्हा नवरा पाण्याची पाळी संपवून चिखलाच्या पायांनी ओट्यावर उभा होता. त्याने मला विचारलं, कशी पळाली गाडी? मी म्हटलं, मामांना विचार.

मामा उतरले, गुडघे धरून उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "तुज्या आईचा येक फोटू मोठा करून आन. माज्या खोलीत लाव."

नवरा तसाच चिखलाच्या पायांनी खाली आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला बापाच्या खांद्यावर डोकं ठेवताना पाहिलं.