पेवातून समुद्रातल्या टाकीत

डोणगावात जुनं पेव उघडायचं म्हटलं की इंद्रभानला बोलावणं ठरलेलं. जमिनीखालचं ते धान्याचं कोठार. बंद राहून आतली हवा माणसाच्या जिवावर उठते. झाकण काढून इंद्रभान दोराला पोतं बांधी, आत वरखाली घुसळून हवा खेळती करी आणि शेगावच्या महाराजांचं नाव घेऊन उतरे.

त्याची ही छाती पाहून मोताळ्याच्या हिंमतरावांनी त्याला आपल्या कंपनीत लावलं. भर समुद्रात लोखंडी खांबांवर उभा केलेला तेलाचा कारखाना. काम एकच, रिकाम्या टाकीत उतरून पत्रा कुठं गंजला ते पाहायचं.

एकदा हवा तपासणारे साहेब वेळेवर आले नाहीत. इंद्रभानला वाटलं, हेही पेवच की! त्यानं दोरानं पोतं आत सोडून घुसळलं. पण इथं तळाला तेलाचा चिखल होता. तो ढवळला, त्यात दडलेला विषारी वायू मोकळा झाला, आणि इंद्रभान त्यातच उतरला.

जीव वाचला, पण घरी आला तो अर्धाच माणूस. हात थरथरत, सांगितलेलं घटकाभरही डोक्यात राहत नसे. राहिलं होतं एवढंच, की बरं होऊन कामावर जायचं. बायको कोकिळा रोज महाराजांच्या पोथीचा अध्याय वाचून त्याच्या कपाळी शेगावचा अंगारा लावी.

एक दिवस हिंमतराव भेटायला आले.

"काय बे, जावयासारखा बसून राह्यला का?"

"बसून काऊन राहीन, भाऊ? होळीपर्यंत येतो. टाकी माही ठेवजा."

हिंमतरावांचं हसू मावळलं. "टाकीत आता मानूस उतरत नाही, इंद्रभान. कंपनीनं बाहेरदेशातून यंत्र आनलं. चाकावर चालते, कॅमेऱ्याचा डोळा हाय. आपलं आपलंच फिरते अन् गंज पाह्यते."

"अन् वायू लागला त्याले तं?"

"त्याले नाक कुठं हाय बे!"

कोकिळा दारातून म्हणाली, "मंग आंधीच काऊन नाही आनलं, भाऊजी?"

हिंमतरावांनी मान खाली घातली. "याच्या पायीच तं आनलं, वहिनी."

इंद्रभान उपरण्यात तोंड खुपसून लेकरासारखा रडला. हिंमतराव उठून गेले. कोकिळेनं त्याचे डोळे पुसले, पाणी पाजलं. थोड्या वेळानं तो टवटवीत चेहऱ्यानं म्हणाला, "हिंमतराव कई येते वं? त्याहिले सांगतो, टाकी माही ठेवजा."

कोकिळेनं देवघराकडं पाहिलं. खोटं तिच्या जिभेवर कधी आलं नव्हतं. खरं सांगावं, तर तो पुन्हा तसाच रडणार आणि पुन्हा हेच विचारणार.

"येतीन," ती म्हणाली.

तो ओसरीवर जाऊन वाटेकडं तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच विचारून बसला.