काजळाची डबी, कुंकवाची डबी

२००४ साली आई आमच्याकडे शिकागोजवळ शॉमबर्गला राहायला आली होती, तेव्हा एका रविवारी तिला शिकागोच्या म्युझियममध्ये नेलं. तिथे इजिप्तच्या एका सरदार घराण्यातल्या बाईची ममी होती. पाटी इंग्रजीत, म्हणून मी आईला वाचून सांगत गेले. बाई देवळात गायची. नवरा आधी वारला, नंतर उतारवयात ही गेली. देह मिठात सुकवून तागाच्या पट्ट्यांत गुंडाळला, काळीज मात्र आतच राहू दिलं. सोबत आरसा दिला, केसांचा टोप दिला, काजळाची डबी दिली. शवपेटीवर तिचा चेहरा रंगवला होता, डोळ्यांत ठसठशीत काजळ.

"नवरा आधी गेला ना? तरी काजळ?" आईने विचारलं.

"तरी."

आई काचेपासून हलेना. बाबा गेले त्या दिवशी शेजारच्या बायकांनी तिचं कुंकू पुसलं होतं.

"मी गेले की मला लाव गं," ती म्हणाली. "परकर नेसायचे तेव्हापासून लावत होते. ह्यांनी थोडंच दिलं होतं मला?"

त्याच मुक्कामात आई झोपेत गेली. अंत्यविधीसाठी देह जिथे तयार करतात, त्या फ्युनरल होममधल्या बाईने तिच्या चेहऱ्याला पावडर फासली होती, ओठांना गुलाबी लिपस्टिक. आईच्या बॅगेत मला तिची जुनी कुंकवाची डबी सापडली होती. ती मी उघडली, तर इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी माझा हातच धरला. या काकू दर गणपतीला स्त्रीमुक्तीवर भाषण ठोकायच्या.

"अगं, विधवा होत्या त्या. इट डझन्ट लुक राइट."

माझा नवरा कुजबुजला, "जाऊ दे ना यार. इथे सीन नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या बाईने फासलेली लिपस्टिक यांना चालत होती, माझ्या आईचं कुंकू चालत नव्हतं! हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्या बाईला तिचं काजळ घालून पाठवलं, आणि ही विमानात बसून आलेली शहाणी माणसं माझ्या आईचं कपाळ राखत उभी होती.

"हात सोडा, काकू," मी ओरडले. बाहेर अंत्यदर्शनासाठी जमलेली माणसं आत डोकावली.

पावडरीवर कुंकू नीट बसेना. मी बोटाने दाबून दाबून लावलं, दर्शनाच्या हॉलमधल्या शेवटच्या रांगेतून दिसेल एवढं मोठं. मग डबीचं झाकण लावलं आणि ती आईच्या हाताखाली सरकवली. डबी तिची होती, तिच्याबरोबरच गेली.