हो म्हणणारी मान

आमच्या घरात माझ्या वतीनं बोलायचं काम थोरल्या जाऊबाई करतात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. कोणी काही विचारलं की मी मान हलवते आणि त्या बोलतात. दोघींचंही बरं चाललंय.

त्या दिवशी सकाळी भाकरी थापताना माझा उजवा हात बधिर झाला. पीठ हाताला लागतंय की नाही तेच कळेना. जाऊबाईंनी मला जीपमध्ये बसवलं आणि राहुरीजवळच्या देवळालीहून थेट नगर गाठलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर अडली असेल तर औषध लगेच द्यावं लागेल, पण आधी मेंदूचा फोटो स्वच्छ यायला हवा. मला वेगळाच घोर लागला. घरात कुणाला ठाऊक नाही, पण मी वहीत लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी अक्षर गोल आहे. ते याच हाताचं.

जाऊबाईंच्या पायात ऑपरेशनची सळई आहे, म्हणून त्यांना मशीनच्या खोलीत सोडलं नाही. माझ्या मंगळसूत्रापासून ब्लाउजच्या पाच पिनांपर्यंत सगळं त्यांनी पिशवीत टाकलं आणि दारातूनच मशीनवाल्याला बजावलं, "तिला काई इचारू नका. ती बोलत न्हाई."

त्यानं ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

माणूस माझ्या धाकट्या दिराएवढा, बोलायला गोड. त्यानं सांगितलं की हा फोटो मेंदूतलं पाणी कसं हलतंय ते दाखवतो. पाणी जिथं अडलं, तिथं पांढरं दिसतं. हे मला लगेच कळलं. उसाला पाणी देताना सरीशी उभी राहून मी तेच बघते. पण पाण्याचं इतकं बारीक हलणं टिपायचं, तर डोकं अजिबात हलता कामा नये.

त्यानं डोक्यावर पिंजरा बसवला, डाव्या हातात रबरी फुगा दिला, त्रास झाला तर दाबा म्हणाला. मी आत गेले. खडी फोडायच्या मशीनसारखा आवाज सुरू झाला. मधूनच स्पीकरवर तो विचारायचा, ताई, ठीक आहात ना? मी मान हलवायचे.

फोटोत माझ्या डोक्याला दोन दोन कडा आल्या. तो म्हणाला, थोडं हललं तर कॉम्प्युटर फोटो जुळवून घेतो, पण हे त्याच्याही हाताबाहेरचं आहे. मग त्यानं दोन्ही कानांशी स्पंज कोंबले, काचेपलीकडे गेला आणि स्पीकरवर म्हणाला, "आता हलायचं नाही हं, ताई."

मी मान हलवली.

या खेपेला फोटो आणखीच बिघडला. आता शेवटचं एकदा बघू, तो म्हणाला, नाहीतर झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल, आणि ते देणारे डॉक्टर संध्याकाळी येतात. जाऊबाई दारातून म्हणाल्या, भ्यायली असंल. मी भ्याले नव्हते. काय हलतंय ते मला कळलं होतं. पण परक्या माणसाशी बोलायचं, आणि तेही गप्प राहा म्हणून सांगायचं? संध्याकाळपर्यंत हाताचं काय होईल, या विचारानं मी बधिर बोटं चोळत राहिले.

"तुम्ही बोलू नका," मी म्हणाले.

"काय?"

"तुम्ही विचारलं की मी हो म्हणते. मानेनं."

तो स्टुलावर बसून पोट धरून हसला. उठताना काही न बोलता त्यानं नुसती मान हलवली.

तिसऱ्यांदा स्पीकर मुका होता. मी डोळे मिटून सरीतलं पाणी पार टोकापर्यंत जाऊ दिलं. फोटो स्वच्छ आला.

डोक्यात काही नव्हतं. कोपराशी नस दबली होती. हात उशाखाली घेऊन झोपता का, डॉक्टरांनी विचारलं. घेती, जाऊबाई म्हणाल्या. अक्षर अजून थोडं वाकडं येतं, पण येतं.

परतताना जीपमध्ये जाऊबाई म्हणाल्या, "त्याला गप ऱ्हा म्हनलीस. मला बी कदी म्हनावं वाटलं का गं तुला?"

सवयीनं माझी मान हलली.

राहुरी येईपर्यंत त्या खरोखरच गप्प होत्या.