आमच्या पाळीवर न वाजलेला बँड

हिरालाल वारल्याची बातमी मला अर्जुनीच्या स्टेशनवर कळली. मी धानाची पोती डब्यात चढवून घेत होतो. छोट्या गाडीचा गार्ड ओळखीचा. तो झेंडी काखेत धरून जवळ आला आणि म्हणाला, "वो आपका बँडवाला दोस्त गया भैया, परसों. बैठे-बैठे गया." मी बरं म्हटलं आणि हमालाला सांगितलं, फाटकं पोतं खाली नको घालू. गार्ड माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काय दगड माणूस आहे, असंच त्याला वाटलं असेल. वाटू द्या! माझ्यापुरता हिरालाल केव्हाच मेला होता, आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भर मंडईच्या जत्रेदिवशी, सगळ्या गावादेखत... आता फक्त त्याच्या घरच्यांना ते कळलं होतं.

या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, तुम्ही त्यांचे शाळेपासूनचे मित्र, चार गोड आठवणी लिहून द्या. गोड आठवणी आहेत, नाहीत असं नाही. पण तेवढ्याच हव्या असतील तर दुसरं कोणी बघा, असं मी कळवलं. त्यांनी लिहिलं, जसं येईल तसं लिहा. म्हणून लिहितो आहे. कोणाला टोचलं तर टोचलं.

तो दवनीवाड्याचा, जातीनं पोवार. मी अर्जुनीकडच्या आमच्या प्रतापगडाच्या पायथ्याकडला, जातीनं कोहळी. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले, त्याच्या पूर्वजांनी धानाची खळी भरली. गोंदियाच्या शाळेत आम्ही एका खोलीत राहून शिकलो, एका टोपल्यातला भात खाल्ला. शाळा संपल्यावर मी गावी येऊन शेती बघू लागलो आणि हिरालाल गोंदिया स्टेशनच्या पार्सल हापिसात चिकटला. तिथंच त्याच्या डोक्यात किडा शिरला. मुंबई-कलकत्ता मेलमधून परदेशी वाद्यवाले ये-जा करायचे. थंडीत कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवायचं, मग मुंबईच्या. त्यांच्या पितळी वाद्यांच्या काळ्या पेट्या याच्या हातून जायच्या. एकदा मी भेटायला गेलो तर अशाच एका पेटीवर हात फिरवत मला म्हणाला, "तिकडं वाजवतेत, तिकडंबी वाजवतेत, अन मधात आपल्या गावावरून झोपून जातेत. काऊन? मधातल्या माणसाले कान नाहीत का?" मी हसलो. मला वाटलं, पोट्टा उन्हात फिरला असेल.

पण त्यानं करून दाखवलं. फिलिपाइन्सकडची एक मंडळी त्यानं गोडीगुलाबीनं मेलमधून उतरवली आणि एका भातगिरणीच्या आवारात, धान वाळवायच्या फरशीवर, भर दुपारी वाजवायला बसवली. बिड्या वळणाऱ्या बाया, गिरणीचे हमाल, रेल्वेचे खलाशी, सगळे जमले. मीही बाबांना घेऊन गेलो होतो. आता आमच्याकडची रीत अशी, की दंडार, म्हणजे आमचं गाण्यानाचाचं लोकनाट्य, रंगात आली की प्रेक्षकांतला कोणी उठतो, मंचावर जाऊन गाणाऱ्याच्या हातात नाणं ठेवतो, आणि गाणारा गाणं थांबवून, अमक्या गावच्या अमक्याकडून बक्षीस, असं त्याचं नाव पुकारतो. नाव पुकारल्याशिवाय देणारा खाली उतरत नाही. त्या दिवशी पहिली धून अर्ध्यात आली नाही तोच कुडव्याचा एक गाडीवान उठला आणि तुतारीसारखं लांबोळकं वाद्य वाजवणाऱ्याच्या पुढ्यात नाणं धरून उभा राहिला. तो बिचारा वाजवतोय, हा हलत नाही! मग दुसरा उठला, मग चार जण. परदेशी माणसं घाबरली, मारायलाच आले की काय. तेव्हा हिरालालनं उडी मारली, बँडवाल्यांना हातानंच खुणावलं, हळू वाजवा, थांबू नका, आणि त्या मंद सुरांवर त्यानं एकेकाचं नाव असं काही पुकारलं की बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तासाभरात बँडवाल्यांनाही ते जमलं. कोणी उठला की ते आपण होऊन सूर खाली आणायचे. असा बँड मुंबईवाल्यांनी तरी कुठं ऐकला असेल!

माझे बाबाही उठले होते. बाबा आमच्या गावच्या दंडारीचे मुख्य गायक. खडी दंडार असो की बैठी, त्यांच्या आवाजावर आजूबाजूची गावं यायची. त्यांनी नाणं दिलं आणि हिरालालला म्हणाले, "माहं नाव नोको घेऊ. त्याले म्हण, मघाचं ते पुन्हा वाजव." त्या माणसानं पुन्हा वाजवलं. बाबा मान खाली घालून उभे होते. परतीच्या गाडीत, अर्जुनी जवळ आल्यावर ते म्हणाले, "लोखंडाले बी गळा असते रे..." वाद्य पितळेचं होतं.

त्यानंतर हिरालालचं नाव झालं. कुठूनकुठून मंडळी यायची. एकदा रशियाकडची का हंगेरीकडची काही माणसं आली, त्यांत फिडल वाजवणारी एक बाई होती. धर्मशाळेत हिरालालनं तिला भात आणि लाखोरीची डाळ वाढली, तर ती पुन्हा मागून जेवली. बाबा दर खेपेला जायचे. गुडघे दुखायचे, खोकला वाढला होता, तरी जायचे. त्यांचा आवाज उतरायला लागला होता हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. त्यांना तर आधीच कळलं होतं.

मग त्या वर्षी पोळा झाल्यावर हिरालाल आमच्या गावी आला. बाबा त्याला तलावावर घेऊन गेले. पाळीवर बसून त्यानं खाली मोकळ्या जागेकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि एकदम म्हणाला, "काका, ह्या पाळीवर हजार माणूस बसते. खाली बँड ठेवू. यंदाच्या मंडईले मी इथं गोरे लोक आणतो. तुम्ही गा, ते वाजवतीन." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मला अजून ते डोळे दिसतात. त्यांनी विचारलं, "माहं गाणं त्याहीले समजन का?" हिरालालनं त्यांचे पाय धरले आणि शब्द दिला. कोणी मागितला नव्हता. त्यानंच दिला.

दिवाळीनंतरच्या मंडईला आमच्याकडे घरोघरी पाहुणे येतात, दंडार होते. त्या वर्षी गावच्या दंडार मंडळानं आपली दंडार रद्द केली, कारण एक दिवस आणि एकच मोकळी जागा. बाबांनीच तसं सांगितलं. त्यांनी तंबाखू सोडली. सुंठ-गूळ खायचे, रोज सकाळी पाळीवर जाऊन हळू आवाजात आपलं गाणं म्हणायचे. मधेच थांबायचे, बोटांनी मांडीवर ताल धरायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, इथं ते वाजवतीन, मी चूप राहीन. त्यांनी बँडसाठी जागा सोडून ठेवली होती, आपल्याच गाण्यात! आईनं त्यांचा फेटा केशरी रंगवून घेतला. सासरी गेलेल्या मुली आल्या, दूरदूरची गावं रेंग्या, म्हणजे छोट्या बैलगाड्या, जुंपून आली. हे सगळं मी कायले सांगून राहिलो? तर त्या दिवशी काय मोडलं ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

मी स्टेशनवर बैलगाड्या सजवून उभा होतो. दुपारची छोटी गाडी आली. दोन बाया उतरल्या, एक कोंबडीवाला उतरला. बस्स. पुढच्या गाडीची वाट पाहिली, तीही गेली. परत आलो तर पाळीवर मुंगी शिरायला जागा नव्हती आणि खाली सतरंजीवर बाबा केशरी फेटा बांधून बसलेले. मी कानात सांगितलं. ते म्हणाले, "गाडी चुकली असन. येईल पोट्टा." लोक ओरडायला लागले, काका, आपल्या ढोलकीवरच होऊन जाऊ द्या. बाबा हलले नाहीत. म्हणाले, "मी त्याहीच्या संगं गाईन म्हून सांगितलं आहे. आता असाच गायलो तं तो खोटा पडन." दिवस बुडेपर्यंत ते तसेच बसून होते. माणसं उठून गेली, कोणी हसत, कोणी शिव्या देत. बाबांनी फेटा सोडून मांडीवर ठेवला आणि मला हात द्यायला सांगितलं, उठायला.

दुसऱ्या दिवशी मी गोंदिया गाठलं. बँड उतरला होता. एका जंगल ठेकेदाराच्या बंगल्यावर साहेब लोकांची मेजवानी होती, तिथं वाजवून गेला होता. त्या मेजवानीतूनच हिरालालला नागपूरचं बोलावणं मिळालं, हे मागाहून कळलं. तो मला नव्या कोटात भेटला. नजर जमिनीवर. म्हणाला, "एका दिवसाची तं गोष्ट होती गड्या. पुढच्या मंडईले नक्की आणतो." मी त्याच्या थोबाडीत मारली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या मंडईला बाबा नव्हते. उन्हाळ्यातच गेले. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून मी गाणं ऐकलं नाही.

मी संबंध तोडले. हिरालाल नागपूर, रायपूर, जबलपूर करत मोठा झाला. वर्षातून एकदा मात्र तो आमच्या घरी यायचा, आईला भेटायला. तो दारात दिसला की मी मागच्या दारानं शेतावर निघून जायचो. तो गेला की परतायचो. आई काही सांगायची नाही, मी विचारायचो नाही. पाया पडून माफी मागत असेल, असं समजून चाललो होतो.

त्याच्या शोकसभेला मी का गेलो, देव जाणे. गोंदियाला, त्याच गिरणीच्या आवारात होती. नागपूरचे एक शालवाले गृहस्थ बोलायला उठले आणि म्हणाले, हिरालालजींचं सर्वांत मोठं काम कुठलं, तर एका खेड्यातल्या तलावावर, मंडईच्या दिवशी, परदेशी बँडच्या साथीनं एका वृद्ध दंडार गायकाला त्यांनी गायला लावलं. ते स्वतः कितीदा तरी हे सांगत! केशरी फेटा, पाण्यावरून घुमणारा आवाज, सगळं आलं... आणि वर म्हणाले, त्या गायकाचे चिरंजीव आज इथं हजर आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, असं काही झालेलं नाही. माझा आवाज फाटला. शेजारच्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं, कोणी पाणी आणलं, कोणी म्हणालं, बेचारे को सदमा लगा है. माझ्या बापाचं न गायलेलं गाणं विकून हा माणूस गावोगाव मोठेपणा मिरवत होता! गाडीत मी एकटाच त्याला शिव्या देत बसलो होतो.

घरी आलो. आई ओट्यावर सुपात डाळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं, ओरडूनच सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "मीच सांगाले लावलं त्याले."

मला काही समजेना. ती बोलत राहिली. बाबा गेल्यावर तो पहिल्यांदा आला तेव्हा तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला होता. "मी म्हटलं, रडू नोको. रडून मले काय देशीन? त्याच्यापरीस सांग, गाडी आली असती तं काय झालं असतं. मंग त्यानं सांगितलं. लय बेस सांगितलं रे... मंग दरसाली मी त्याले बसवू अन सांग म्हणू. बाहेरबी सांगजो म्हटलं. कोणाच्या तं कानात तुह्या बापाचं गाणं जाऊ दे."

म्हणजे इतकी वर्षं मी मागच्या दारानं शेतावर जात होतो, आणि माझ्याच ओट्यावर हे दोघं माझ्या पाठीमागं बाबांना गायला लावत होते. हिरालालनं दगा दिला तेव्हा माझं जेवढं जळलं नव्हतं, तेवढं त्या संध्याकाळी जळलं. मी म्हटलं, "आई, तू तं तिथं होतीस. तुले माहीत आहे ते कसे बसून होते ते."

"मले माहीत आहे म्हूनच तं," आई म्हणाली.

मी त्याला माफ केलेलं नाही. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. आईलाही केलं आहे की नाही, मला सांगता येत नाही. पण हा लेख लिहायला बसण्याच्या आदल्या दिवशी, कामं आटोपल्यावर, ती ओट्यावर येऊन बसली. तो यायचा तो महिना लागला होता. तिनं भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "आता तूच सांग."

मी म्हटलं, मला येत नाही ते.

"काऊन नाही येत? तू तं टेसनावर होता." मग तिनं स्वतःच सुरू केलं. "दुपारची गाडी आली..." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आली," मी म्हणालो. "अन सगळ्यात पहिले उतरला हिरालाल."