कौसाचा उघडा तंबू

लोहाराने लोखंडी खुंट्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. मी तिसगावच्या बाजारात होते. पलीकडून माझा मुलगा दत्तू होता. "आई, आत्या..." एवढंच म्हणून तो थांबला. मी म्हटलं, "काय झालं ते नीट सांग." मग त्याने सांगितलं. कौसा जेवून ओसरीवर आडवी झाली ती उठलीच नाही. कौसा म्हणजे माझी धाकटी नणंद. त्या खुंट्या तिनेच मागवल्या होत्या. सकाळी मी निघताना म्हणाली होती, "वहिनी, हातभर लांब आणा. बारक्या आणल्या तर तसंच माघारी धाडीन तुमाला." जीपमध्ये खुंट्या मांडीवर घेऊन मी घरी आले.

कौसा लग्नानंतर थोड्याच दिवसांत परत आली होती. हातांवर कोडाचे डाग उठले, मग गळ्यावर, मग तोंडावर, आणि सासरच्यांनी तिला आणून सोडलं. माझ्या नवऱ्याने तिला ठेवून घेतलं. त्यात त्यांचा काही मोठेपणा नव्हता, घर तिचंही होतं. पण डाग पसरले तसं तिला ऊन सोसेना. घटकाभर उन्हात गेली तरी पांढरी कातडी लाल व्हायची, दुसऱ्या दिवशी फोड यायचे. डॉक्टर म्हणाले, उन्हात जायचं नाही. झालं, सगळा जन्म चुलीपुढे गेला. तिने भाकरी थापल्या, माझी पोरं वाढवली, आणि संध्याकाळी मी शेतातून आले की पायावर पाणी घ्यायच्या आधी विचारायची, आज किती वाफे निघाले, कोण काय बोललं, कोणाचं कोणाशी वाजलं. गाव म्हणायचं, बिचारी तोंड लपवून बसते. तिला शेतात यायचं होतं, दुसरं काही नाही. एकदा छत्री घेऊन आलीही. पण एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने कांद्याची पात कापता येत नाही. बांधावर लिंबाचं एक झाड आहे, त्याची सावली एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला.

दत्तूने मोबाईलवर बघून एक तंबू मागवला. गोल, निळा, चारी बाजूंनी बंद, चेन लावायचा. अंगणात उभा केला आणि कौसाला आत बसवलं. थोड्या वेळाने ती घामाने निथळत बाहेर आली. "दत्त्या, ह्याच्यात पापड वाळव," म्हणाली. तो तंबू परत पाठवला. मग तिने हट्टच धरला की मला नगरला दुकानात न्या, मी हात लावून घेईन. पहाटेच्या गाडीने गेलो. सहलीचं सामान विकणारं दुकान होतं. दुकानदाराने विचारलं, "मावशी, समुद्रावर नेणार का डोंगरावर?"

"कांद्यात," कौसा म्हणाली.

तो हसला, पण माणूस बरा होता. एकेक उघडून दाखवत होता. कौसा प्रत्येक कापड दुकानाच्या दारात उन्हात धरायची आणि खाली स्वतःचा पंजा ठेवायची. हातावर उजेड पडला की ते कापड बाद. पातळ कापड दिसायला चांगलं असतं, पण त्यातून ऊन झिरपतं. काही दाट होती, पण आत वारा नाही. शेवटी एक मिळाला. वरून चांदीसारखा, आतून काळपट, पाठीला जाळीची खिडकी, पुढून सगळा उघडा, चार कोपऱ्यांना वाळू भरायच्या पिशव्या. वजन एवढं की एका बाईने काखेत मारून न्यावा. दुकानदाराला वाटलं तिला अडचण होत असेल. हळूच म्हणाला, "ह्याच जातीत चेनवाला पण आहे, मावशी. आत बसलेलं कोणाला दिसत नाही."

"दिसू न्हाई म्हणून बसायला घर हाय की माझं," कौसा म्हणाली. मग त्याने उघडाच बांधून दिला.

पहिल्या दिवशी आम्ही तो चुकीचा लावला. तोंड उगवतीकडे केलं आणि ऊन सरळ तिच्या मांडीवर. मग तिनेच बसवून घेतलं, तोंड उत्तरेला ठेवायचं, आणि दुपार कलली की पाठ पश्चिमेला फिरवायची. पुढ्यातल्या पांढुरक्या मातीवरूनही ऊन उडून तोंडाला लागतं, म्हणून समोर ओलं गोणपाट अंथरायचं. पिशव्यांत वाळूऐवजी मुरूम भरला. कांदे कापून ढीग पुढे सरकला की दोन बाया तंबू उभाच्या उभा उचलायच्या आणि कौसा मध्ये चालत जायची. बाया म्हणायच्या, "सरका, राणीसाहेबांची पालखी निघाली." ती म्हणायची, "मग खांदा नीट द्या, पगार कापीन." दुपारी त्याच बाया आत डोकी घालून बसायच्या, पाय उन्हात. इतक्या वर्षांनी तिला भांडणं ऐकायला माझी वाट बघावी लागली नाही. समोरच व्हायची, आणि निम्मी तीच लावून द्यायची.

पुढच्या उघड्या बाजूला एक पडदा होता, खाली सोडता येणारा. एकदा परगावची टोळी कांदा काढायला आली. त्यातली एक तरणी पोर कौसाकडे टक लावून बघत राहिली. मी जाऊन म्हटलं, "पडदा सोड गं जरा."

"का?"

"बघत्यात लोकं."

"बघू द्या. मला उन्हाचा तरास हाय वहिनी, माणसांचा न्हाई." आणि माझ्यासमोर तिने पडदा गुंडाळला, सुतळीने वर बांधला, गाठीवर गाठ मारली. मग त्या पोरीला हाक मारली, "ये गं, जवळून बघ. आन् येताना विळा आन."

या चैत्रात काढणी संपत आली असताना वावटळ उठली आणि तंबू पिशव्यांसकट उडाला, शेजारच्या डाळिंबात जाऊन पडला. कौसा डोक्यावरचा पदर न सावरता उन्हात त्याच्यामागे धावली. हातांना फोड आले. मी ओरडले, "पोरांनी आनला असता की." म्हणाली, "फाटला असता तर?" म्हणून त्या लांब खुंट्या.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. तिची कोपरगावची बहीण यायची होती, तिच्यासाठी थांबलो. ऊन सरकत सरकत तिच्या पायापर्यंत आलं. मी दत्तूला म्हटलं, "तंबू आण." त्याने आणला. नव्या खुंट्या अंगणात ठोकल्या आणि तिच्यावर उभा केला, पाठ पश्चिमेला. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "मेलेल्या मानसाला कसलं ऊन लागतंय?"

मी म्हटलं, "लागत नसंल. तुमी तरी भिंतीच्या सावलीत का हुबे मग?"

तेवढ्यात एक बाई पुढे होऊन पडदा सोडायला लागली, लोक बघतात म्हणून. गाठ सुटेना. मी तिचा हात धरला, "ऱ्हाऊ दे. बघू द्या लोकांना." बहीण येईपर्यंत कौसा तशी राहिली, सावलीत, आणि सगळ्यांसमोर.

आता महिना उलटून गेला. सून म्हणाली, तंबू माळ्यावर टाकू. मी टाकू दिला नाही. चाळीत साठवलेल्या कांद्यातले सडके निवडायचे असतात, ते काम मी त्याच्यात बसून करते, तिच्याच जागेवर. जागा रिकामी ठेवून काय करायचं? ऊन गुडघ्यावर आलं की "कौसा, धर गं" असं तोंडात येतं... मग मीच उठते, खुंट्या उपटते आणि तंबू एकटी फिरवते. जड नाही, तिने पारखून घेतलेला आहे. नव्या खुंट्या पक्क्या बसतात, वाऱ्याला दाद देत नाहीत. पडदा वर बांधलेला आहे तसाच आहे. रस्त्याने जाणारे येणारे मला बघतात, मीही त्यांना बघते.