मधल्या खोलीतला वॉर्ड

वादळ आलं तेव्हा मी मागच्या अंगणात मिरच्या उलटवत होते. होळी नुकतीच झाली होती. आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या मराठी घरांनी मिळून भिवापूरकडून मिरच्यांचं पोतं मागवलं होतं. भिलाईच्या बाजारात मिरची मिळत नव्हती असं नाही, पण ती नुसती दिसायला लाल, असं आईचं मत होतं. तिखट व्हायचं ते आपल्याकडच्याच मिरचीचं.

आमच्याकडची धूळ मला ओळखू यायची. मुरमाची असली तर तांबडी, आणि पोलादाच्या कारखान्याच्या बाजूने, जिथे अजून बांधकाम चालू होतं तिथून आली तर सिमेंटची करडी. त्या दुपारी आकाश दोन्हींच्या मधल्या रंगाचं झालं. मी ते पाहत उभी राहिले, म्हणून मिरच्या उचलायला उशीर झाला. आधी वारा आला, मग शेजारच्या न्हाणीघराचा पत्रा, आणि मग गारा. आई आतून ओरडत होती, "अव पोरी, आत ये ना! गारा का डोक्यावर झेलतं?"

गारा थांबल्यावर बाहेर आले तर मिरच्या पाण्यात पोहत होत्या. पण आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सेक्टरच्या टोकाला, अर्धवट बांधलेल्या शाळेच्या मैदानात, डोळ्यांचं शिबिर चालू होतं. तिथला मोठा पांढरा तंबू आमच्या अंगणातून रोज दिसायचा. आता तिथे नुसतं आकाश होतं.

त्या शिबिरात आदल्याच दिवशी मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. कॅम्प-१ या मजूरवस्तीतल्या, रुआबांधा आणि जुनवानी या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची कामावरची मुलं तिथे सोडून गेली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, उताणं झोपायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हे मला माहीत होतं, कारण मी तिथे जाऊन पाहून आले होते. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून परीक्षा देऊन मी घरी आले होते आणि निकालाची वाट पाहण्यापलीकडे मला काम नव्हतं. कुणाशी बोलायची माझी तयारी नसे, पण बघायला मात्र सगळं आवडे.

आई आणि मी धावत गेलो. तंबू झोपला होता आणि त्याच्याखाली माणसं होती. कनातीच्या बांबूंनी कुणाला लागलं नव्हतं, हे नशीब. पहिल्या पाळीचे लोक सायकली टाकून कापड उचलत होते. डॉक्टर, एक गोल चेहऱ्याचे नागपूरकडचे गृहस्थ, चिखलात उभे राहून ओरडत होते, "कोणाले उठवू नका! बसवू नका! जसे हायत तसे राहू द्या!" त्यांची अवजारं उकळायची पेटी पत्र्याखाली चेपली होती, औषधाच्या बाटल्या फुटल्या होत्या, कापसाची पुडकी चिखलात. तरी ते त्याकडे बघत नव्हते.

एक जण ट्रक घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला हात जोडले. "बापा, ट्रकात घातलं तं एका खड्ड्यात सगळ्यांचे डोळे जातील. खाटा उचला."

मग ठरलं की जवळच्या क्वार्टरांमध्ये एकेक रोगी ठेवायचा. चार जणांनी खाट खांद्यावर घ्यायची आणि पाय न आपटता चालायचं. ती रांग आमच्या रस्त्याला लागली तेव्हा समोरून येणारा एक सायकलवाला उतरला, टोपी काढली आणि हात जोडून उभा राहिला. आमच्या वाट्याला आलेल्या म्हातारीला कसं कळलं कोण जाणे, ती पट्टीखालून म्हणाली, "मैं जियत हँव गा!" म्हणजे मी जिवंत आहे रे बाबा. खांदेकरी हसायला लागले आणि डॉक्टर मागून ओरडले, "आजीले हसवू नका!"

ती रुआबांध्याची होती. मुलगा कारखान्यात खलाशी, जड सामान दोरांनी वर चढवणाऱ्या टोळीत. तिचा एक डोळा आधीच गेलेला होता, गावातल्या कुणी तरी सुईने मोतीबिंदू ढकलला होता त्यात. ऑपरेशन झालं तो उरलेला डोळा. हे डॉक्टरांनी खाट टेकवतानाच आईला सांगितलं. "हाच एक हाय, ताई. सांभाळा."

मधल्या खोलीतलं टेबल बाहेर गेलं, खिडकीला बाबांची काळी छत्री बांधली. वाळूच्या पिशव्या फुटल्या होत्या, म्हणून ओळीतल्या बायकांनी जुन्या परकरांच्या पिशव्या शिवल्या. वाळूला तोटा नव्हता, प्रत्येक क्वार्टरासमोर बांधकामाचा ढीग होता. ती धुवायची, तव्यावर भाजायची आणि भरायची. बाबा भांडारात कारकून होते. त्यांनी चेपलेली पेटी कारखान्यातल्या एका ओळखीच्या फिटरकडे नेली आणि दुसऱ्या दिवशी ती सरळ होऊन आली. झाकणाला नवी मूठ होती, आधीच्यापेक्षा बरी.

सकाळी डॉक्टर आले आणि म्हणाले, "माझा वॉर्ड तर या गल्लीत पसरला. मले घरं सापडत नाहीत, सगळी सारखीच हायत. ही पोरगी दाखवंल का?"

"ते बोलत नाही कोणाशी," आई म्हणाली.

"मले बोलणारी नाही पाह्यजे. चालणारी पाह्यजे."

तशी मी त्यांच्याबरोबर फिरू लागले. दोन घरं झाल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, शिंक आली तर डोळा का जातो? ते चालता चालता थांबले. बहुधा माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. मग त्यांनी बोटाच्या नखावर दाखवलं. इथे एवढी चीर देतो. आतलं पांढरं झालेलं भिंग काढतो. चीर शिवत नाही, तिची तीच चिकटते. पण चिकटेपर्यंत जोराची शिंक, खोकला, उलटी, काही झालं तर आतला दाब ती चीर उघडतो आणि आत असायला हवं ते बाहेर येतं. "शिंक येतेय असं वाटलं," ते म्हणाले, "की नाकाखाली, ओठाच्या वर बोट दाबायचं आणि तोंड उघडायचं. लक्षात ठेव."

मी घरी येऊन स्वतःच्या नाकाखाली बोट दाबून पाहिलं. कापूर हुंगून शिंक आणायचाही प्रयत्न केला. ती आली नाही.

म्हातारीला अंधारात करमत नव्हतं. ती मला नोनी, म्हणजे पोरी, म्हणायची आणि सारखी विचारायची. "नोनी, ये का के आवाज आय?" मी सांगायची, कारखान्याचा भोंगा झाला, अंघोळीच्या पाण्याचा बंब, बाबांची सायकल. मला छत्तीसगढी कळायची, बोलता येत नव्हती, म्हणून मी हिंदीत एखादा शब्द बोलायची आणि गप्प व्हायची. मला तिचं नवल वाटायचं. माझ्या आईला ती पावलांवरून ओळखायची. दारात कोण उभं आहे, त्याने काय खाल्लं, हेही तिला कळायचं. पट्टीखाली तिला काळं दिसतं की लाल, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, सकाळी लाल.

आता मिरच्या. त्या भिजल्या होत्या आणि दोन दिवस ऊन नीट पडलं नव्हतं. शेजारच्या काकू आल्या, पोत्यात हात घातला आणि कपाळाला लावला.

"बुरशी धरून राहिली. आजच भाजा आन् आजच कांडा, नाई तं फेका."

"माझ्या घरी डोळ्याची बाई पडून हाय," आई म्हणाली. "ठसका लागला तं?"

"आन् मिरच्या गेल्या तं वर्षभर का वरणात गूळ घालू? नवरा नागपूरले पाठवून देईन मले."

"जा मग. तिथे भाज."

मी दारात उभी होते. अंगणातून कारखान्याचं धुराडं दिसायचं. धूर कुठे झुकतो ते मी पाहिलं आणि म्हटलं, "ओळीच्या त्या टोकाला भाजा. वारा इकडून तिकडे चाललाय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "अव माय! तुह्या पोरीले तोंड हाय तं!"

तसंच झालं. ओळीच्या शेवटच्या घरामागे मोठी कढई चढली. आमची दारं-खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. दुपारभर त्या टोकाला बायका खोकत होत्या आणि आमच्या घरात वासही आला नाही. आई देठं खुडलेल्या मिरच्या पदरात भरून नेत होती, रिकामी होऊन परत येत होती. मला वाटलं, झालं, निभावलं.

शेवटची खेप टाकून आई आत आली. म्हातारीच्या कपाळावर घाम साचला होता, खोली बंद होती ना. आईने नेहमी पुसते तसा तो पुसला. पदराच्या टोकाने.

मी समोरच बसले होते. आईला काही कळायच्या आत म्हातारीच्या नाकपुड्या हलल्या. "नोनी," ती म्हणाली, "मोला छींक..."

मी कुणा परक्या माणसाला कधी हात लावत नसे. माझं बोट तिच्या ओठावर कसं गेलं मला आठवत नाही. मी दाबलं आणि "मुँह खोलो, मुँह खोलो" म्हणत राहिले. तिने तोंड उघडलं. तिचं अख्खं शरीर ताणलं, वाळूच्या पिशव्या दोन्हीकडे सरकल्या. शिंक आली की नाही हे सांगता येणार नाही. काहीतरी आलं, पण अर्धंच, घशात अडकल्यासारखं. मग ती सैल पडली. ती म्हणाली, "आँखी पिरावत हे."

डोळा दुखतोय. आईने पदर कमरेला गुंडाळून घेतला होता, जणू आता तो लपवून उपयोग होणार होता. "जा," ती म्हणाली. "पळ."

डॉक्टर शेजारच्या काकूंकडे दुसऱ्या रोग्यापाशी होते. ते आले, हात साबणाने दोनदा धुतले आणि मला म्हणाले, "बॅटरी धर. तिरकी. हलवू नको."

पट्टी सुटली. इतके दिवस तिच्याखाली काय आहे हे बघायची मला उत्सुकता होती आणि आता वाटत होतं, न दिसलं तर बरं. पापणी सुजलेली होती. डॉक्टरांनी ती अंगठ्याने हळूच वर केली. पांढऱ्या भागावर लाल डाग होता. मध्ये तपकिरी कडं, आणि त्याच्यात काळा गोल. आपल्या डोळ्यात असतं त्याहून काळा, कारण आत आता भिंग नव्हतं. बॅटरीच्या उजेडात तो गोल बारीक झाला. तो गोल होता, गोलच होता, कुठे ओढला गेला नव्हता.

"बाहेर काही आलं नाही," डॉक्टर म्हणाले. "थोडं रक्त सांडलंय आत. जिरलं तर जिरलं."

"आन् नाही जिरलं तं?" आईने विचारलं.

त्यांनी नवी पट्टी बांधली.

त्यानंतरचे दिवस आई त्या खोलीत जायची ती धुतलेलं लुगडं नेसूनच. म्हातारीला तिने सगळं सांगितलं, आपल्या मोडक्या हिंदीत, पदराचं, मिरचीचं. म्हातारी म्हणाली, "झन रो बाई," म्हणजे रडू नको, आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली. तिचा मुलगा रोज पाळी सुटल्यावर यायचा आणि दारात उकिडवा बसायचा. आई त्याच्यासमोर जात नसे. चहा मीच न्यायची.

पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरांनी खिडकीवरची छत्री अर्धी सरकवली. चष्म्यांची पेटीही वादळात चेपली होती, जाड भिंगांचे मोजकेच चष्मे शाबूत राहिले होते. त्यातला एक त्यांनी तिच्या नाकावर ठेवला. दांडी दोऱ्याने बांधलेली होती.

"अंगुरी कतका हे?" डॉक्टरांनी काही बोटं वर धरली. त्यांची छत्तीसगढी माझ्यापेक्षा वाईट होती.

ती बघत राहिली. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मुलगा उठला होता.

"तीन," म्हातारी म्हणाली. "अउ एक ठन में मुंदरी हे."

एका बोटात अंगठी होती खरी. आईने तोंडावर हात ठेवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

म्हातारीने मान वळवून मुलाकडे पाहिलं, फार वेळ, आणि तू वाळलास असं काहीसं म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर आली. भिंगामागे तिचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. "अतेक बड़े नोनी!" ती म्हणाली. "मैं तो समझेंव नानकुन लइका होही." एवढी मोठी मुलगी! मला वाटलं लहान पोर असेल.

संध्याकाळी मुलगा तिला घेऊन निघाला. त्या भिंगातून जमीन फार जवळ दिसते असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, म्हणून मी फाटकापर्यंत गेले. रस्ता अगदी सपाट होता. तरी ती प्रत्येक पाऊल उंच उचलत होती, गुडघाभर पाण्यातून चालावं तशी. मुलगा म्हणत होता, दाई, म्हणजे आई, खाली काही नाही, सरळ चल. ती त्याचं ऐकत नव्हती. काकूंच्या घरासमोर तिने एका सावलीवरून उडी मारली, मागे वळून ती सावली पाहिली आणि पुन्हा पुढे चालू लागली.