दिवे फोडणारा दादा

ती घटना आजही आठवते ती एका शब्दामुळे. बडोद्यात आम्हा मराठी माणसांच्या घरात दादा म्हणजे थोरला भाऊ, शेजारच्या गुजराती घरात दादा म्हणजे आजोबा, आणि पोलीस ठाण्यात दादा म्हणजे गुंड. मी पोलीस अधिकारी, तिन्हीकडे वावरलेला, पण कान ठाण्याचाच झाला होता.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. लहरीपुऱ्याच्या बाजारात रंगीत टीव्हीची, तयार कपड्यांची दुकाने वाढली, तसे टवाळखोरही वाढले. आमच्याकडे दारूबंदी, तरी बाकड्यांवर बसून सोड्याच्या नावाखाली काय प्यायले जाते, ते सगळ्यांना ठाऊक होते. बायकांना तिथून जाणे नकोसे झाले. व्यापाऱ्यांनी ओरड केल्यावर पालिकेने बाकडी उचलली आणि चौकात उंच खांबावर झगझगीत दिवा बसवला. उपाय लागू पडला, टोळकी पांगली.

मग दिवा फुटू लागला. पालिकेने नवा लावावा आणि कोणीतरी तो फोडावा, असे सुरू झाले.

संशय एकावरच होता. चौकात सोड्याची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारा एक तरुण होता. त्याच्या नावावर मारामारीचे जुने गुन्हे होते आणि सगळा बाजार त्याला दादा म्हणत असे. लग्नानंतर तो सरळ वागत होता, पण आमच्याकडे एकदा नाव चढले की सहसा उतरत नाही. तशात ठाण्यात एका बाईचा निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने नोंद केली, 'दिवा दादा फोडतो, त्याला समजवा.' पोलिसांच्या भाषेत समजावणे म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. आम्ही त्याला चौकशीला आणले आणि मी तडीपारीचा प्रस्ताव तयार करायला घेतला. तो मंजूर झाला असता तर त्याला शहरच काय, जिल्हाही सोडावा लागला असता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते.

चौकशीत तो चिडला नाही की पाया पडला नाही. मला त्याचेच नवल वाटले.

"साहेब, अंधारामां सोडा कोण पीए?" तो म्हणाला. "लाइट आवी ने मारी लारी पर फॅमिलीवाळा आवता थया. हुं मारा ज पेट पर लात मारुं?"

दिवा आल्यापासून त्याच्या लारीवर बायकामुले येऊ लागली होती, हे मी स्वतः पाहिले होते. मला चैन पडेना. मी अंमलदाराला बोलावले.

"ती बाई नेमकं काय बोलली? तिच्याच शब्दांत सांगा."

"साहेब, ती म्हणाली, दादा लाइट फोडे छे, एमने जरा समजावजो ने. पण वढता नहीं."

"रागावू नका म्हणाली? मग ते का नाही लिहिलं?"

"साहेब, गुंडाला रागावू नका, हे काय लिहायचं?" तो म्हणाला.

मी खुर्चीतून उठलोच. गुंडाला कोणी 'एमने', म्हणजे 'त्यांना', असे अदबीने म्हणत नाही. आणि पोलिसांनी रागावू नये म्हणून रदबदली तर घरच्या माणसासाठीच होते.

संध्याकाळी साध्या कपड्यांत चौकात गेलो. लारीवाला राहू दे, दिव्याचा त्रास कोणाला होतो ते बघू, असे ठरवून खांबाला पाठ लावून उभा राहिलो आणि वर पाहिले. समोरच्या घरात वरच्या मजल्यावर एकाच खिडकीला आतून गोधडी टांगलेली होती. मी जिना चढलो. दार उघडणाऱ्या सुनेने मला पाहताच आत हाक मारली, "दादा!" तिच्या मुलांचे आजोबा, म्हणून तीही त्यांना दादाच म्हणत असे.

आतून एक निवृत्त शिक्षक आले. भिंतीवर खिळ्याला गलोल लटकत होती, गच्चीवरची माकडे हाकलायची. त्यांनी काहीच लपवले नाही.

"हा, हुं ज फोडुं छुं," ते म्हणाले. त्यांच्या पत्नीचे वय झाले होते, भान राहत नव्हते. "एने आ लाइट सवार लागे छे."

त्या उजेडाला सकाळ समजून त्या उठत, शेगडी पेटवत, दूध आणायला जिना उतरत. एकदा तर हातात बरणी घेऊन वेशीच्या दरवाजाबाहेर रस्त्यात सापडल्या होत्या. आजोबा पालिकेत जाऊन हे सांगून आले, तर बायकांच्या सुरक्षेसाठीच दिवा लावलाय, असे उत्तर मिळाले.

"रातने रात रहेवा दो, साहेब," ते म्हणाले.

तेवढ्यात खाली नवा दिवा लागला. गोधडीच्या कडेने उजेड आत आला, तशा आतल्या खोलीतून आजी बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाहून प्रसन्न हसल्या.

"सवार पडी गई, भाई. चा पीशो?"

"हा, बा," मी म्हणालो आणि चहा होईपर्यंत बसलो.

आजोबांकडून लेखी हमी घेतली, गलोल जमा केली, तडीपारीचा प्रस्ताव मागे घेतला. चौक सुधारायला आम्ही सगळे चौकातच उभे राहून बघत होतो, त्या खिडकीतून बघायला कोणी गेले नव्हते. त्यानंतर खबर आली की मी आधी विचारू लागलो, बोलणाऱ्याचे शब्द काय होते आणि आवाज कसा होता.

मी कळवल्यावर पालिकेचा वायरमन दिव्याला खिडकीच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावायला आला, तेव्हा शिडी धरायला लारीवाला स्वतः पुढे झाला. पत्रा नीट बसला तसा तो खिडकीकडे तोंड करून ओरडला, "दादा, अंधारुं थयुं के?"

आतली गोधडी बाजूला झाली.

"थयुं, दादा," आजोबा म्हणाले.